टोकाकडची तक्रार

रुखसार मुलाणी नावाची मुलगी
ह्यांच्या डोक्यावर जाळीची टोपी बसवते,
गार जेल, एकवीस वायरी,
आणि म्हणते, काका, पापणीसुद्धा हलवू नका.
हे म्हणतात, बाळ, हे काम रात्री दोनला करायचं असतं.
दिवसा रस्त्याचा आवाज मिसळतो.

तिला कळत नाही. मला कळतं.
एकतीस वर्षं पर्वतीच्या टाकीवर चावीवाले होते हे.
दत्तवाडी, लक्ष्मीनगर, जनता वसाहतीची वरची आळी.
रात्री डांबरावर लोखंडी सळई टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
आणि सगळे झोपलेले असताना
खाली पाइपात कुठे सूं होतंय ते ऐकायचं.
तक्रार टोकाच्या घरातून येते, हे सांगायचे,
गळती कितीतरी अलीकडे असते.
आणि कितीतरी आधीपासून.

टोकाच्या घरात मी राहते.
चहात साखर दोनदा. मग एकदाही नाही.
सारसबागेच्या सिग्नलला हिरवा लागला तरी हे उभेच,
कुणीतरी सांगेल मग निघू, असे.
पासबुकाला म्हणाले "ती वही",
धाकट्या जावयाला "हे आपले".
मी कुणाला बोलले नाही.
वयाच्या मानाने ठीक आहे म्हणत राहिले,
जसं बायका जिन्यात म्हणतात,
आज पाणी जरा कमीच आलं, नाही?

डॉक्टर खिंवसरांनी पाच शब्द दिले:
चप्पल, देऊळ, पेरू, निळा, आणि आणखी एक.
शंभरातून सात वजा, त्यातून पुन्हा सात.
घड्याळ काढा, साडेपाच वाजवा.
ह्यांनी साडेपाच असे वाजवले
की काटे छापल्यासारखे.
पाचही शब्द, ओळीने.
माझ्या मुठीतला पदर सुटला.

"उत्तरं बरोबर आहेत, काकू," डॉक्टर म्हणाले,
"पण डोळे मिटल्यावरची लय बघा, संथ झालीय.
आणि परवाच्या स्कॅनमध्ये, आठवताना,
ह्या एवढ्याशा भागात फार धावपळ दिसते.
थोडक्यात होणाऱ्या कामाला मेंदू दुप्पट राबतोय.
सुरुवातीला कधीकधी असं होतं. पुढे मग..."
पुढे मग ते पेनाचं टोपण शोधायला लागले.

म्हणजे एका बादलीसाठी
अख्ख्या भागाचे व्हॉल्व सताड उघडे.
बादली भरते. कुणाला काही दिसत नाही.
टाकीत किती उरलं
ते बघायला वर कोण चढणार?

रिक्षा मित्रमंडळ चौकात वळली
तसा ह्यांनी हात बाहेर काढला:
इथे, गुलमोहराखाली, चौऱ्याऐंशीचा व्हॉल्व.
साडेतीन आटे. चौथा द्यायचा नाही, मान तुटते.
गुलमोहर नव्हता. मोबाइलचं दुकान होतं.
व्हॉल्व असेलच खाली.
घरी आल्यावर विचारलं, रिक्षाचे दिले का?
दिले.
थोड्या वेळाने, रिक्षाचे दिले का?
दिले की.
तिसऱ्यांदा विचारलं नाही.
खिशातली पन्नासची नोट माझ्या हातात ठेवली,
"असू दे," म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं नाही.
म्हणजे ह्यांनाही ऐकू येतंय.

त्याला आता महिना होईल.
मेथी निवडताना हे मधेच पाच शब्द म्हणतात,
कुणी दिले ते गेलं, शब्द शाबूत.
मला चारच आठवतात.
पाचवा ऐकते आणि लगेच निसटतो.
विचारत नाही.
उगाच कशाला ह्यांना चावी फिरवायला लावू.

पहाटे नळ खोकतो. आधी हवा, मग पाणी.
दाराआडची चार फुटी चावी अजून तिथेच आहे,
गंज पुसायचं काम ह्यांचं.
हे अंथरुणात उठून बसतात, कान देतात.
"प्रेशर नाही. टोकाला पोचणार नाही."
पोचलंय, मी सांगते,
आणि कळशी नळाखाली सरकवते.